हाताखालचा माणूस

'हाताखाली' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. हाताखाली राबवणे हा एक, हाताखाली तयार करणे हा दुसरा. पहिल्या अर्थाने माणसे बाळगणारे कारखानदार गल्लोगल्ली आहेत. दुसऱ्या अर्थाचे शोधावे लागतात.

मी साताऱ्यात एका कारखान्यात उमेदवार होतो, तेव्हा आमचे मिस्त्री लेथवर माप लावताना पाठ फिरवून उभे राहात. वर्षभर मी चहा आणला नि कीस झाडला. पुढे मिस्त्री निवृत्त झाले. त्यांचे कसबही त्यांच्याबरोबर घरी गेले. नुकसान कोणाचे झाले? माझे तर झालेच, पण कारखान्याचे अधिक! मालक मात्र म्हणत, "पोरांना शिकवावे, की ती पुण्याला पळतात!"

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात शिक्षक. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना मांडला. तिथे पदवीधर कोठून येणार? हाती आली ती माणसे त्यांनी घडवली. शंभुआण्णा जांभेकरांसारखे तंत्रज्ञ तिथेच तयार झाले. 'शिकून पळतील' म्हणत लक्ष्मणराव बसले असते, तर त्या माळावर नांगराचा फाळही घडला नसता.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात. घोडी किती घासावी, दोरा कुठे सरकवावा, हे पुस्तकात सापडत नाही. उस्तादाशेजारी बसून कान तयार व्हावा लागतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे पिढ्यानपिढ्या शेजारी बसवून घेतलेली पोरे आहेत.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालीच झाला. आता मोठ्या कंपन्यांत 'मेंटॉर' नेमण्याची टूम आहे. ठीक आहे, पण कायदा पोराला दारापर्यंत आणतो, मिस्त्रीची पाठ वळवत नाही. ती मालकानेच वळवावी. शिकवण्याचा वेळ कामाचा धरावा, त्याचे दाम मोजावे. नगावर मजुरी घेणारा मिस्त्री फुकट का शिकवील?

राहता राहिले पळून जाणे. आज घरोघरी आजी नातीच्या हाती सोऱ्या देत असेल. पहिल्या चकल्या मोडतील, एखादा घाणा वाया जाईल. नात उद्या सासरी जाणार, हे काय आजीला ठाऊक नाही? तरी ती शिकवते. म्हणूनच आपल्या घरांतून चकलीची चव टिकली आहे. मालकहो, आजीइतके तरी शहाणे व्हा!