हिलसा, गोदी आणि मच्छीमार

कोलकात्याच्या खिदिरपूर भागातील जुनी गोदी १८९०च्या दशकात सुरू झाली. हुगळी नदीवरच्या या बंदराला गाळाने नेहमीच ग्रासले. तो गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवणारा फरक्का बंधारा १९७५ साली कार्यान्वित झाला. बंदराची अडचण खरी होती. तिची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली.

हिलसा, म्हणजे बंगाल्यांचा लाडका इलिश, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. पूर्वी तो अलाहाबादपर्यंत, म्हणजे आजच्या प्रयागराजपर्यंत, पोहोचत असे. बंधाऱ्याने त्याची वाट अडवली आणि वरच्या अंगाच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो जवळजवळ दिसेनासा झाला. सेकंदाला ४० हजार घनफूट पाणी वळवण्याचे गणित मांडणाऱ्यांनी, किती घरांच्या चुली थंडावतील हेही त्याच वहीत मांडायला हवे होते.

मत्स्यसंपदेचे संशोधन म्हणजे माशांची मोजदाद, हा समज अपुरा आहे असे मला वाटते. पश्चिम बंगालात २३ सेंटीमीटरांहून लहान हिलसा पकडण्यास मनाई आहे. नियम योग्यच, परंतु हा मासा इतका नाजूक की जाळ्यात अडकताच मरतो. मग 'परत सोडा' म्हणून काय उपयोग? जाळ्याची छिद्रे, ज्यांना आपल्याकडे 'आस' म्हणतात, तीच मोठी हवीत. नवे जाळे घ्यायला पैसा कोठून येणार, जुन्या जाळ्यावरचे कर्ज कोणाचे, हे जीवशास्त्र सांगत नाही. त्यासाठी समाजशास्त्राच्या अभ्यासकाला मच्छीमाराच्या ओसरीवर बसावे लागते आणि घरातील स्त्रियांशीही बोलावे लागते.

संयम या लोकांना नवा नाही. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवत आले; मूळच्या पूर्व बंगालमधील अनेक कुटुंबांत लक्ष्मीपूजेपासून सरस्वतीपूजेपर्यंत इलिश वर्ज्य असतो. बांगलादेशात बंदीच्या काळात सरकार मच्छीमार कुटुंबांना तांदूळ देते. तांदळाने पोट भरते, सावकाराचा हप्ता फिटत नाही.

अलीकडे बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने फरक्क्याच्या वर हिलसा सोडण्यास प्रारंभ केला आहे. मासा तेथे टिकतो की नाही, हे शास्त्रज्ञ पाहतील. जाळी गुंडाळून शहरात मजुरीला गेलेल्यांपैकी कोणी परतेल काय, हेही कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे.