सुटकेचा पत्ता सांगणार कोण?

वसईच्या होळी परिसरात आलेल्या परक्या माणसाला मद्याचे दुकान कोठे आहे, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. दुकानाची पाटीच त्याला ते सांगते. परंतु त्याच रस्त्यावर एखाद्या गृहिणीने ‘दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा येथे कोठे भरते?’ असे विचारले, तर तिला उत्तर देणारे किती निघतील? पाडणाऱ्याचा पत्ता पाटीवर आणि सावरणाऱ्याचा पत्ता कानोकानी, ही स्थिती एकट्या वसईची नाही, अवघ्या महाराष्ट्राची आहे.

तिचे परिणाम आकड्यांत दिसतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार लाभतात, असे त्यात आढळले. उरलेले ३७ जण काय करतात? ते घरी असतात, कामावर खाडे करतात, आणि त्यांची लाज त्यांच्या बायकामुले झाकीत बसतात.

शासनाकडे या प्रश्नाचे उत्तर आहे काय? कायद्याच्या नावात दारूबंदी आणि राज्याच्या जमाखर्चात मद्यावरील उत्पादन शुल्क, असा दुहेरी संसार १९४९ च्या कायद्यानंतर आपण थाटला आहे. बंदीने पिणारा सुटत नाही, हे विषारी दारूने वारंवार दाखविले. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे तिने मारली. आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद करणाऱ्या भगिनींविषयी आम्हांला आदर आहे. परंतु दुकान बंद झाले तरी पिणाऱ्याची तहान बंद होत नाही. व्यसनाधीनता हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग रोग्याला उपदेश पाजून काय साधणार?

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, असे दोन मद्यपी एकमेकांना भेटले. दारूतून सुटू पाहणाऱ्याला त्याच वाटेने गेलेलाच खरा आधार देऊ शकतो, हे त्यांना उमगले आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. १९५७ साली ती भारतात आली. तिला वर्गणी नाही, नोंदवही नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. आप्तांसाठी ‘अल्-अ‍ॅनॉन’ ही वेगळी संघटना आहे. हा केवळ भाबडा विश्वास नव्हे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांची छाननी केली. पूर्णपणे मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचा किंवा त्यांहून सरस ठरला. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने उभारलेल्या ‘मुक्तांगण’नेही मराठी समाजाला हेच शिकविले की, व्यसनी माणूस टाकाऊ नसतो. मात्र केंद्रातून घरी परतलेल्या माणसाला जपणारी सभा त्याच्या घराजवळच हवी.

येथेच अडचण आहे. नाव गुप्त ठेवणे हा या सभांचा प्राण आहे आणि जाहिरातबाजी त्यांना वर्ज्य आहे. परंतु माणसाचे नाव गुप्त ठेवणे निराळे आणि सभेची जागा अज्ञात राहणे निराळे. सभासदांनी डांगोरा पिटू नये हे योग्यच. म्हणूनच तो पत्ता सांगण्याचे काम इतरांनी अंगावर घेतले पाहिजे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात जवळच्या सभेचा वार, वेळ व जागा मराठीत लिहिलेला फलक का असू नये? शाळांनी सायंकाळी एक वर्ग उघडून द्यावा. मात्र तो दान म्हणून देऊ नये. या सभा बाहेरची देणगी स्वीकारीत नाहीत, तेव्हा अल्पसे भाडे घेणे हाच त्यांचा मान राखणे होय. वसईत चर्चच्या सभागृहातही अशी सभा भरू शकते. तेथे जाणे म्हणजे धर्म सोडणे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ज्याचा ईश्वर ज्याला जसा उमगेल तसा, अशीच तेथील धारणा आहे.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर आणि जोडीला सभा, हाच क्रम धरावा. कोठे जावे हे न उमगल्यास केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

आमच्या सुशिक्षित वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, दारूडा म्हणून तोंड फिरविणे सोपे आहे, परंतु तो मनुष्य बहुधा आपल्याच मजल्यावर राहत असतो. त्याने आज ना उद्या धीर करून विचारले, तर पत्ता आपल्याला ठाऊक असावा. दर ३८ माणसांत एक हे प्रमाण सरकारी ठरावांनी बदलणार नाही. ते बदलेल आपल्यापैकी कोणी तरी त्या दाराकडे बोट दाखविल्याने.