मागे कोण बघणार?



दिवाळीच्या सुटीत वेकबोर्डिंग (बोटीमागे दोर धरून बोर्डावरून पाण्यावर घसरणं) कसं शिकावं, हे सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बोर्ड वजनाप्रमाणे निवडा, पाण्यात गुडघे छातीशी घ्या, हात ताठ ठेवा, दोर स्वतःकडे खेचू नका, बोट उठवेल तसं उठा... सगळं बरोबर. पण वरचा अर्ध्या पानाचा फोटो पाहून डोकं फिरलं. बोटीत एकच माणूस, आणि तो मान वळवून मागच्या मुलाकडे बघतोय. म्हणजे पुढे कोण बघतंय? कोणीच नाही!

साधा हिशेब करा. ही बोट ताशी ३० ते ३५ किलोमीटरने पळते. ३५ धरले तर सेकंदाला जवळजवळ १० मीटर. चालकाने ३ सेकंद मागे पाहिलं, की बोट ३० मीटर आंधळी गेली. मागचा दोर असतो २० मीटरच्या आसपास, म्हणजे दोरापेक्षाही जास्त अंतर. आणि त्याने मागे पाहिलंच नाही, तर पडलेला मुलगा पाण्यात राहतो आणि बोट रिकामा दोर ओढत पुढे जाते. लाटांमध्ये त्याचं नारळाएवढं डोकं तेवढं दिसतं. ते समोरून येणाऱ्या जेट-स्कीवाल्याला दिसेलच याची हमी काय?

म्हणून बोटीत दुसरा माणूस हवा. त्याने फक्त मागे बघायचं, पडला की ओरडायचं, पडलेल्याने 'ठीक आहे' म्हणून हात वर केला की नाही ते चालकाला सांगायचं. मग चालकाने वेग कमी करून, पडलेला आपल्या बाजूला दिसत राहील असं वळायचं आणि त्याला वर घेण्याआधी इंजिन बंद करायचं. न्यूट्रल नव्हे, बंद. माझं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं. बोटीचा पंखा माणूस आणि दोर यांत फरक करत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्समध्ये हा दुसरा माणूस कायद्यानेच लागतो. 'आमच्याकडे माणूस परवडत नाही' असं आपले जलक्रीडा व्यावसायिक सांगतात. खोटं आहे. कसं ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात अलिबागच्या पुढे एका किनाऱ्यावर नातवंडं बनाना राइडला बसली होती. दोराने ओढायचा प्रकार तोच, बोर्डाऐवजी हवेचं केळं. शेवटी बोट झटक्यात वळवून सगळ्यांना मुद्दाम पाण्यात पाडतात, त्यातच म्हणे मजा. सहा जण पडले. पाच केळ्याला लोंबकळले. सहावी, माझी नऊ वर्षांची नात, लांब फेकली गेली, आणि बोट तिच्याकडे पाठ करून उभी! बोटीत दुसरा माणूस होता बरं का. तो प्लास्टिकच्या पाकिटातल्या मोबाइलवर त्या पाच जणांचा व्हिडिओ काढत होता. तो व्हिडिओ नंतर आम्हालाच विकायचा होता. म्हणजे कमाईसाठी माणूस परवडतो, पोरीकडे बघायला परवडत नाही. आम्ही किनाऱ्यावरून घसा फोडून ओरडलो तेव्हा कुठे बोट वळली.

परत आल्यावर बोटीत डोकावलो. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून त्याच्या मनगटाला लावायची लाल गुंडाळीची दोरी स्टिअरिंगला बांधून ठेवलेली. जाब विचारला तर उत्तर मिळालं, "काय झालं का काका? नाही ना?" काही झालं नाही, हेच आपलं सुरक्षा धोरण.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ 'नीलकमल' ही प्रवासी बोट बुडाली, १५ जीव गेले, तेव्हापासून सगळ्या प्रश्नांना 'लाइफ जॅकेट' हे एकच उत्तर मिळतं. जॅकेट घालायलाच हवं. नातीने घातलं होतं, म्हणून ती तरंगली. पण जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, चालकाला डोळे देत नाही. पणजीला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवायचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. मागे बघणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर ओढण्याच्या कुठल्याही खेळाला परवाना नाही, एवढी एक ओळ महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने कडकपणे अमलात आणावी.

त्याच किनाऱ्यावर रंगीत दिव्यांचा 'आय लव्ह' वाला सेल्फी पॉइंट होता, वाळूत रुतलेल्या दोन गाड्या होत्या, त्या ढकलायला वीस माणसं जमली होती. जीवरक्षकाची खुर्ची तेवढी रिकामी होती. पर्यटन वाढतंय म्हणतात, ते हेच असावं.

संपादक महाराज, पुढच्या वेळी फोटो निवडताना बोटीतली डोकी मोजा. आणि वाचकहो, पैसे देण्याआधी तुम्हीही मोजा. दोन असतील तर दुसऱ्याच्या हातात मोबाइल नाही ना, तेही बघा.

– एक निवृत्त मरीन इंजिनीअर, डोंबिवली