'पासवर्ड काय आहे रे?'

शीव कोळीवाड्यात मित्राकडे अभ्यासाला गेलात, की चहा यायच्या आधीच हा प्रश्न विचारून झालेला असतो. उत्तरही ठरलेलं. 'आईचा मोबाइल नंबर टाक.' केबलवाल्याने कनेक्शन जोडताना तोच पासवर्ड ठेवला होता, पुढे कुणी बदललाच नाही. समोरच्या काकूंना तो माहीत आहे, माळ्यावरच्या भाडेकरूंना माहीत आहे आणि गणपतीत आलेल्या पाहुण्यांच्या फोनमध्ये तर तो अजून सेव्ह आहे.

यात गैर काय, असं तुम्ही म्हणाल. एक कनेक्शन, तीन घरं, बिल वाटून. लॉकडाऊनमध्ये कित्येकांची ऑनलाइन लेक्चर्स शेजारच्या वाय-फायवरच झाली. हा शेजारधर्म मोडा असं मला अजिबात सुचवायचं नाही. पण बिलावर नाव एकाचंच असतं, आणि गडबड झाली की दार त्याचंच वाजतं. हे नुसतं घाबरवणं नाही. आपल्याच हार्बर लाइनवर हे घडून गेलंय.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, ५६ जणांचा जीव गेला. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने ई-मेल गेला होता. एटीएसने आयपी अ‍ॅड्रेसवरून माग काढला आणि पोलिस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीत. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे कॉम्प्युटर तपासले गेले, त्याची चौकशी झाली. त्याचं वाय-फाय वापरून मेल दुसऱ्याच कुणीतरी पाठवला होता. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण तोवर त्याच्या घराबाहेर टीव्हीचे कॅमेरे उभे राहून गेले होते.

पुढचा मेल २३ ऑगस्टचा. तो निघाला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. हो, तेच खालसा, जिथे तुमच्यापैकी काही जण शिकत असतील. मग १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा मेल गेला चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून. नकाशा उघडून बघा. माटुंगा आणि चेंबूर यांच्या अधेमधे आपला कोळीवाडा येतो. या तिन्ही ठिकाणच्या मालकांचा कटाशी काही संबंध नव्हता. त्यांचा सिग्नल भिंतीबाहेर पोहोचत होता, एवढंच.

हे होतं कसं? तुमच्या घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे राउटरमधूनच बाहेर पडतात आणि बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. काकूंनी पाहिलेली मालिका आणि भाडेकरूने पाठवलेला मेल, दोन्हींवर पत्ता तोच. इंटरनेट कंपनीकडे त्या पत्त्यापुढे ज्याने केवायसी दिलं त्याचं नाव. आत कोण कोण होतं हे कंपनीला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नसतं.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी वेगळीच मोहीम काढली. लॅपटॉप घेऊन रस्त्यावर फिरायचं, उघडं वाय-फाय शोधायचं आणि मालकाला नोटीस द्यायची. दूरसंचार खात्यानेही तेव्हा इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. आज बिनपासवर्डचं घरगुती वाय-फाय सहसा दिसत नाही, ते बरंच झालं. पण माझ्या मते प्रश्न तिथे अर्धाच सुटला. तेव्हा दार सताड उघडं होतं. आता कुलूप आहे, पण चावी गल्लीभर फिरतेय. अँड्रॉइडवर वाय-फाय शेअर करायला जो क्यूआर कोड येतो ना, त्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. एकाला दिलात की पुढे तो कुठे जाईल, तुमच्या हातात नाही.

आणि चावी न देताही ती बनवता येते. बहुतेक घरांत डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा असते. फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये जी देवाणघेवाण होते, ती जवळ बसून कुणी टिपली, तर पुढचं काम तो स्वतःच्या घरी निवांत करू शकतो. एकेक पासवर्ड लावून बघायचा, तेही तुमच्या राउटरला पत्ता न लागता. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डला त्या सगळ्या तपासायला काही तास पुरतात. आईचा नंबर म्हणजे पासवर्ड नव्हेच. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये हा घरी बसून अंदाज लावायचा मार्ग बंद केलाय. तुमचा राउटर नवा असेल तर सेटिंगमध्ये तो पर्याय आहे का बघा.

स्टेशनवरच्या किंवा कॅफेतल्या फुकट वाय-फायबद्दल मात्र जरा जास्तच भीती घातली जाते असं मला वाटतं. आता बहुतेक साइट आणि अ‍ॅप मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला तुमचं चॅट वाचता येत नाही. खरा धोका नावाचा आहे. वाय-फायला नाव काहीही देता येतं. स्टेशनच्या वाय-फायचं नाव कुणीही आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला देऊ शकतं. जोडल्यावर समोर आलेल्या पानाने ई-मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड मागितला, तर तिथूनच परत फिरा.

आता घरचं. राउटरला दोन पासवर्ड असतात, आणि दुसरा आपण विसरतोच. तो असतो सेटिंग उघडायचा, बऱ्याचदा अजूनही 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन'. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी हॅकर असायचीही गरज नव्हती. तेव्हा आधी हा बदला. मग वाय-फायचा पासवर्ड लांबलचक करा, चार असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये जोडले तरी चालतील. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा. तिचा पिन आठ आकडी दिसतो, पण ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय.

शेजाऱ्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. त्यामुळे त्यांच्या फोनमधून तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही. बाहेर दिसणारा पत्ता मात्र तुमचाच राहतो, म्हणून गेस्टचा पासवर्ड दर सणानंतर बदलायचा आणि कोणाकोणाला दिलाय ते लक्षात ठेवायचं. भाडेकरू बदलले, तर त्याच दिवशी.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. फक्त काकूंच्या टीव्हीलाही नवा पासवर्ड टाकून द्यावा लागेल, आणि तोही संध्याकाळची मालिका सुरू व्हायच्या आत.