ऑगस्टमध्ये चार, डिसेंबरमध्ये शून्य

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या पुरुष हॉकी संघात कर्नाटकाचे चार खेळाडू होते. व्ही. आर. रघुनाथ, एस. व्ही. सुनील, एस. के. उत्तप्पा आणि निकिन तिमय्या. चौघेही कोडगूचे. सोळा जणांच्या संघात एकाच डोंगराळ जिल्ह्याचे चार, म्हणजे पाव संघ झाला! त्याच संघात मुंबईचा देविंदर वाल्मिकीही होता. त्यामुळे आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजत होत्या.

त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला ज्युनिअर विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या पोरांनी बेल्जियमला २-१ ने हरवलं आणि तब्बल पंधरा वर्षांनी तो चषक घरी आला. गुरजंतसिंग आणि सिमरनजीतसिंग यांनी गोल केले. संघ पंजाबचा, हरियाणाचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा, मणिपूरचा. कर्नाटकाचा एकही नाही. ऑगस्टमध्ये चार आणि डिसेंबरमध्ये शून्य. विजयाच्या धामधुमीत असे हिशेब कोण मांडतो? पण संघबांधणीचं खरं खातं तिथंच लिहिलं जातं. म्हणून आज थोडं त्याविषयी.

मंडळी, हॉकीत आपलं घर किती पडलं होतं हे तरुण वाचकांना सांगायला हवं. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून आपण २-० ने हरलो आणि १९२८ पासून प्रथमच भारताविना ऑलिंपिक हॉकी झाली. २०१२ ला लंडनला पोचलो खरे, पण सहापैकी सहा सामने हरून बारा संघांत बारावे आलो. त्या दिवसांत ज्याला त्याला एकच उपाय सुचत होता : सगळे म्हातारे काढा, पोरं आणा.

मी तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. हा उपाय मी दरवर्षी जूनमध्ये ऐकत असे. दहावीची मुलं शाळा सोडून गेली की संघ मोकळा व्हायचा आणि मुख्याध्यापक म्हणायचे, "सर, आठवीतली घ्या की!" आठवीतली घेता येतात हो. प्रश्न असतो तो त्यांना मैदानात कोणाच्या शेजारी उभं करायचं हा. जुनं कौलारू घर दुरुस्त करताना कौलं बदलतात, वासे बदलतात, पण आढं काढलं तर दुरुस्त करायला घरच उरत नाही.

भारतीय हॉकीत त्या काळात कौलं बदलत होती आणि गवंडीही बदलत होता. मायकेल नॉब्स २०११ ला आले, २०१३ ला गेले. टेरी वॉल्श आले, २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून सुवर्ण मिळवून दिलं आणि पुढच्याच महिन्यात पद सोडून निघाले. पॉल व्हॅन आस काही महिने टिकले. रोलंट ओल्टमन्स यांना दोन वर्षं मिळाली. मग २०१७ मध्ये महिला संघाच्या श्योर्ड मरिन्ये यांना उचलून पुरुषांकडे आणलं आणि लखनौ जिंकणाऱ्या हरेंद्रसिंगांना महिलांकडे पाठवलं. आठ महिन्यांत, मे २०१८ ला, परत अदलाबदल! दोन जावांनी स्वयंपाकघरं बदलून घ्यावीत आणि पुन्हा बदलावीत, तसला प्रकार. (याच मरिन्येंनी पुढे टोकियोत महिलांना चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं, हे त्यांच्या खाती जमा.) २०१८ च्या अखेरीस भुवनेश्वरच्या विश्वचषकात आपण उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून २-१ ने हरलो. नव्या वर्षाच्या जानेवारीत हरेंद्रसिंगही गेले. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम रीड एप्रिल २०१९ मध्ये येईपर्यंत तीन महिने संघाला मुख्य प्रशिक्षकच नव्हता.

एवढ्या गोंधळात लखनौची पोरं टिकली कशी, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक प्रशिक्षकाची पद्धत निराळी. एकाला धावणारा लागतो, दुसऱ्याला थांबून पास देणारा. वीस वर्षांच्या मुलाने कोणाचं ऐकायचं? काही टिकली, काही नाही. त्या ज्युनिअर संघाचा कर्णधार हरजीतसिंग. त्याच्या आयुष्यावर २०१८ मध्ये 'हरजीता' नावाचा पंजाबी चित्रपटही निघाला. टोकियोच्या विमानात मात्र तो नव्हता. त्याच्या हाताखाली खेळलेले हरमनप्रीत, मनदीप, वरुणकुमार, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत आणि सिमरनजीत असे सात जण होते. एका ज्युनिअर संघातून सात म्हणजे पीक उत्तमच म्हणायचं. तरी कर्णधारच मागे राहिला. मुलाला क्रीडा वसतिगृहात घालू का, असं विचारायला पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मी सात जणांची नावं सांगतो आणि हरजीतचंही सांगतो. दोन्ही ऐकून मग ठरवा म्हणतो.

जागा कशी होते, हेही पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यात इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद सतरा वर्षांचा असताना भारताकडून उतरला. मधल्या फळीत त्याआधी सरदारसिंग असायचा. त्या वर्षीच्या राष्ट्रकुल संघातून सरदारला वगळलं, मग परत घेतलं, आणि जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेनंतर सप्टेंबरात त्याने निवृत्ती घेतली. इतक्या मोठ्या खेळाडूला ते वगळणं आणि परत बोलावणं मला आवडलं नव्हतं. पण मधली फळी मोकळी झाली हे खरं. मनप्रीतसिंगच्या शेजारी विवेक, हार्दिकसिंग, नीलकांत आणि सुमित उभे राहिले. आढं तेच ठेवलं होतं : गोलमध्ये श्रीजेश, मधे मनप्रीत, मागे रूपिंदरपाल आणि बिरेंद्र लाक्रा.

पुढे २०२० साल आलं. ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं गेलं. स्पर्धा नाहीत, दौरे नाहीत. टाळेबंदीत हा संघ आपल्याच राज्यात, बेंगळूरच्या 'साई' केंद्रात अडकून पडला होता. घरची सुटी संपवून ऑगस्टमध्ये परतल्यावर मनप्रीतसह सहा जणांना करोना निघाला, ही बातमी तुम्हाला आठवत असेल. एरवी दोन हंगामांच्या मधल्या दिवसांत मुलं आपापल्या गावी जातात, प्रशिक्षक आपल्या देशी जातो. इथं सगळे महिनोन् महिने एकाच आवारात. एकच प्रशिक्षक, एकच जेवणघर, तीच तोंडं. दहा वर्षांत ह्या संघाला जे मिळालं नव्हतं ते, म्हणजे न हलता एकत्र राहणं, महामारीने दिलं. रीड यांच्या डावपेचांचं कौतुक सगळे करतात. मी ह्या मुक्कामाला त्याहून थोडं जास्त श्रेय देईन.

टोकियोला जाहीर झालेल्या सोळांपैकी दहा जणांचं ते पहिलंच ऑलिंपिक. दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने ७-१ ने धुतलं. बारावा नंबर पाहिलेल्या माझ्यासारख्याला पुढचं चित्र दिसायला लागलं होतं. पण हे पोरगे वेगळे निघाले. स्पेनला ३-०, अर्जेंटिनाला ३-१, जपानला ५-३. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनला ३-१ हरवताना गोल कोणाचे? दिलप्रीत, गुरजंत, हार्दिक. तिघेही ऑलिंपिकमध्ये नवे. उपांत्य फेरीत बेल्जियमकडून हरलो आणि ५ ऑगस्ट २०२१ ला कांस्यपदकासाठी जर्मनीसमोर उभे राहिलो.

त्या सामन्यात १-३ असे मागे होतो. सिमरनजीत मुळात सोळांमध्ये नव्हताच, राखीव होता. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यात घेण्याची मुभा मिळाली म्हणून तो उतरला, आणि त्याने दोन गोल केले. ५-४. शेवटच्या सहा सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला. नव्या मुलाने मारलं आणि जुन्याने राखलं. एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं.

घरात पेढे वाटून झाले. आमची सून माहेरची विराजपेटकडची. तिच्या माहेरी हॉकी म्हणजे घरचं कार्य. १९९७ मध्ये करडा गावी साठ घराण्यांनी सुरू केलेली कोडव कुटुंबांची हॉकी स्पर्धा आता तीनशेच्या वर घराण्यांची झाली आहे. त्यात आजोबाही खेळतात आणि सुनाही. ती पेढ्याचा डबा हातात धरून टीव्हीवरची नावं वाचत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, नम्मवरु यारू इल्वा?"

नव्हतंच कोणी. रिओत चार आणि टोकियोत शून्य. पॅरिसला २०२४ मध्ये पुन्हा कांस्य मिळालं, तेव्हाही शून्य. रघुनाथ, उत्तप्पा, तिमय्या एकेक करून आधीच बाजूला झाले होते. सोमवारपेठचा सुनील राहिला होता. भारतासाठी अडीचशेहून अधिक सामने, उजव्या बगलेवरून त्याची धाव म्हणजे डोळ्यांचं पारणं. २०१८ चा विश्वचषक गुडघ्याच्या दुखापतीने हुकला, टोकियोच्या यादीत नाव आलं नाही, आणि १ ऑक्टोबर २०२१ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. आदल्याच दिवशी रूपिंदर आणि लाक्रा यांनी जाहीर केली होती. त्या दोघांच्या गळ्यात पदक होतं.

सुनीलवर अन्याय झाला असं आमच्या सुनेचं मत. मी तिला म्हटलं, बाळ, सुनीलची जागा तरण्या मुलाने घेतली, ती कधीतरी जायचीच होती. तक्रार करायची तर ती जागा घ्यायला कोडगूचा मुलगा का उभा नव्हता ह्याची कर. आणि तक्रारीची तारीख टोकियोची नाही, लखनौची आहे. चार खेळाडू एकाच वेळी खेळत होते आणि त्यांच्या खालच्या पायरीवर कोणी नव्हतं. हे पाच वर्षं आधी छापील यादीत दिसत होतं. तिला ते पटलं असं नाही. ती म्हणाली, "तुम्ही सर लोक सगळं यादीत बघता." तिच्या सासूने तिचीच बाजू घेतली. असो.

हा विषय नुसता कोडगूचा नाही. बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात होते, हे आज आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? त्याच संघाचा गोलरक्षक शंकर लक्ष्मण मूळ महूचा आणि नोकरीला मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे ज्या पलटणीचं केंद्र आपल्या गावात आहे तिथला. अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० ने रोखून ठेवणारा तोच. एका ऑलिंपिक संघाशी ह्या गावाचं असं दुहेरी नातं होतं. त्यांच्यामागून येणारी पायरी आपल्याकडे कधी रिकामी झाली, त्याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही.

सध्या संघ पुन्हा एकदा बदलतो आहे. पॅरिसनंतर श्रीजेश थांबला आणि त्याला ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक केलं. हा निर्णय मला फार आवडला. आढं उतरवलं, पण टाकून दिलं नाही. बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरात सात वर्षांनी परत सुरू झाली. तिच्यामुळे विशीतल्या मुलांना परदेशी खेळाडूंच्या शेजारी उभं राहायला मिळतं, दोन पैसेही मिळतात. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतवर ७८ लाखांची बोली लागली, त्याचीच चर्चा जास्त झाली. मी मात्र अशा लिलावात शेवटच्या पानावरची, कमी बोलीची नावं वाचतो. शाळेतली जुनी खोड.

२०२५ च्या अखेरीस चेन्नई आणि मदुराईला ज्युनिअर विश्वचषक झाला. श्रीजेशच्या मुलांना उपांत्य फेरीत जर्मनीने हरवलं. कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाला ४-२ ने नमवलं. संघ जाहीर झाला त्या दिवशीच मी यादी कापून ठेवली होती. बचावफळीच्या ओळीत पाचवं नाव होतं : सुनील पालाक्षप्पा बेन्नूर. कर्नाटकाचा. यादी सुनेला दाखवली. तिने नाव दोनदा वाचलं, "हा कोडगूचा नाही, आपल्या उत्तरेकडचा दिसतो" असं म्हणाली, आणि कात्रण फ्रिजच्या दारावर लावून टाकलं. पुढचं ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे.