वेदनेला वाली कोण?

वेदना हा स्वतंत्र रोग नव्हे, रोगाचे केवळ लक्षण आहे. रोग बरा झाला की ती आपोआप जाईल, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ धारणा होती. त्यामुळे रोग सापडत नसेल वा बरा होणारा नसेल, तर त्या रुग्णाच्या वेदनेला वालीच उरत नसे. ही धारणा मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांना जाते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना, जखम भरली तरी वेदना मागे उरते आणि एकट्या डॉक्टरला ती आवरत नाही, हे त्यांनी पाहिले. १९५३ साली त्यांनी वेदनोपचारावरील बृहद्ग्रंथ लिहिला. अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून रुग्णाला तपासावे, हा त्यांचा आग्रह होता. १९७३ साली त्यांच्याच पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

पुढे अमेरिकेतच या विचाराची वाट चुकली. तज्ज्ञांच्या पथकाचा खर्च उचलण्यास विमा कंपन्या नाखूश होत्या. त्यापेक्षा गोळी स्वस्त होती. १९९६ मध्ये आलेल्या ऑक्सिकॉन्टिनचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा प्रचार झाला. त्याची परिणती व्यसन आणि मृत्यूंच्या लाटेत झाली. उत्पादक पर्ड्यू समूहाला २००७ आणि २०२० मध्ये न्यायालयात गुन्ह्याची कबुली द्यावी लागली.

भारताचे दुखणे नेमके उलटे आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने मॉर्फिन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी भारतात अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला होता. अनेक परवान्यांची कटकट आणि चूक झाल्यास कठोर शिक्षेचे भय, यांमुळे औषध विक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. पुढील सुमारे एका तपात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत गणना होणाऱ्या भारतात हे घडावे, हा दैवदुर्विलासच!

ही भीती अनाठायी असल्याचे केरळने दाखवून दिले. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळिकोड येथे वेदनामुक्ती केंद्र सुरू केले. तेथे दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी नेण्यासाठी मॉर्फिन दिले गेले. त्याच्या गैरवापराचे वा चोरट्या विक्रीचे एकही उदाहरण आढळले नाही, हे २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही देशभर परवान्याची पद्धत सुटसुटीत करणारी दुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला २०१४ साल उजाडले.

कायदा बदलला, परंतु मानसिकतेचे काय? मॉर्फिन लिहून देण्याची सवय मोडलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली पुढची पिढी शिकली. तिला हे औषध माहीत होते ते धोका म्हणूनच. परवाना सुलभ झाल्याने ही उणीव भरून निघत नाही. अमेरिकेचा धडा असा की, वेदनेवरचा उपचार नुसत्या गोळीवर सोडता येत नाही. केरळचा धडा असा की, तो भीतीपोटी रोखूनही धरता येत नाही. जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि औषध ही तिन्ही एकत्र पोहोचणार नसतील, तर कायद्यातील दुरुस्ती कागदावरच राहील, आणि रुग्ण कण्हतच राहील.