माहेरघरातील शुश्रूषा

महाराष्ट्राच्या आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ असते. दूरच्या गाव-टोल्यांतील गरोदर स्त्रीने बाळंतपणाच्या काही दिवस आधीच सोबतच्या नातेवाइकासह तेथे येऊन राहावे, अशी ही योजना आहे. तिच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. रस्ते आणि रुग्णवाहिका झाल्या की अशी घरे निरर्थक ठरतील, हा पहिला. आणि आदिवासी अंधश्रद्धेपायी दवाखान्याकडे फिरकत नसल्यामुळे त्यांच्या चालीरीतींचे लाड पुरवू नयेत, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो, आणि या अडचणीवर पूल हाच उपाय आहे. परंतु गर्भारपणात रक्तदाब वाढून येणारी आकडी पुलाने टळत नाही. तिच्याआधी बहुधा डोके ठणकते, दृष्टी अंधुक होते, बरगड्यांखाली दुखते. रक्तदाब यंत्रावर कळतो, ही लक्षणे मात्र स्त्रीने स्वतः सांगावी लागतात, आणि माडिया बोलणारी लाजरी पहिलटकरीण ती मराठीत विचारणाऱ्या अनोळखी परिचारिकेला सांगेलच, असे मानणे भाबडेपणाचे आहे. म्हणूनच सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजणे, पायांची सूज पाहणे, बाळाचे ठोके ऐकणे आणि जेवणाच्या वेळी शेजारी बसून विचारपूस करणे, ही शुश्रूषा तेथील उपचारांचा गाभा ठरते.

दुसरा आक्षेप तर अन्यायकारक आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधग्रामचे रुग्णालय उभारताना आदिवासींनाच त्यांच्या भीतीचे कारण विचारले, तेव्हा प्रेताला गुंडाळतात तसल्या पांढऱ्या कपड्यांत वावरणारी माणसे, न समजणारी भाषा आणि नातेवाइकांना बाहेर काढण्याची पद्धत, अशी उत्तरे आली. मग तेथे झोपड्यांसारखे कक्ष बांधले गेले, नातेवाइकांना राहण्याची मुभा मिळाली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. परक्या जागी आजारी माणसाला एकटे टाकू नये, या मागणीला अंधश्रद्धा म्हणणे हा आक्षेपकांचाच पूर्वग्रह होय.

तेव्हा माहेरघराचे मूल्यमापन खाटांच्या संख्येवरून करणे व्यर्थ आहे. तेथे माडिया-गोंडी जाणणारी परिचारिका कायम पदावर हवी, गावच्या सुईणीला आत प्रवेश हवा, आणि सोबत आलेल्याच्या जेवणाची व बुडालेल्या मजुरीची भरपाई ती दोघे घरी परतण्यापूर्वीच हातात पडायला हवी.